वाचक विचारतात: ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं आणि आपलं महिला मंडळ

प्रश्न: आम्ही नवापूर तालुक्यातल्या चर्चच्या महिला मंडळातल्या बायका. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जातात, पोरं आजीजवळ राहतात, यंदा गावात दोघी विधवा पण झाल्या. मदत करायचीय, पण लोक म्हणतील धर्मांतर चाललंय. काय करावं?

उत्तर: ताई, बिनधास्त करा, फक्त प्रार्थनेला यायची अट नको आणि तांदूळ-तूरडाळ देताना फोटो तर अजिबात नको, पिशवी हातात धरून उभं राहताना त्या बाईची मान खाली जाते हो. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांना नुसतं जेवू नाही घातलं तर शिकवलं, हाताला काम दिलं, मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. तुम्ही पण संध्याकाळी सगळ्याच धर्माच्या पोरांना भाकरी-भाजी द्या न अभ्यासाला बसवा. विधवांचं कागदपत्रांचं काम आधी धरा, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला लागतोच, मग तहसीलला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज आणि पोरांसाठी बालसंगोपन योजना, त्यात एका मुलामागे महिन्याला 2250 रुपये आहेत, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. सोबत तुमच्यापैकी कोणीतरी जा, एकटीला तिथं फार फिरवतात. पोराला मारहाण किंवा बालविवाहाची कुणकुण लागली तर लगेच 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.