तालुक्याच्या गावातले उद्योजक मुलांना तिथंच करिअर देऊ शकतात का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तुमचा शेतीअवजारांचा छोटा कारखाना आहे. जिनिंगवाले, दालमिलवाले, फॅब्रिकेशनवाले असे आठ जण तुम्ही एकत्र आलाय. आयटीआय झालेली मुलं दरवर्षी पुण्याची गाडी धरतात आणि ती थांबावीत म्हणून रोजगार मेळावा घ्यावा की शिष्यवृत्ती सुरू करावी, असा तुमचा प्रश्न आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातला. वीसेक वर्षं मशिन शॉप चालवतोय. पंपांची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात. आम्ही त्यांचं टर्निंग, बोअरिंग (मशिनवर कातून आणि भोक मोठं करून मापात आणणं) करून, मापं तपासून परत पाठवतो. आज छत्तीस माणसं आहेत. आजोबा किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, होते. त्यामुळं तुम्ही विचारलेली गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या बोलली गेलीय.

मेळाव्यानं सुरुवात करू नका. आम्ही ती केली होती. मंडप घातला, पाहुणे बोलावले, मुलं रांगेत उभी राहिली, नेमणुकीची पत्रं वाटली. दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी निघून गेली. आम्ही एकमेकांत म्हणायचो, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. हे खोटं होतं, कारण तीच पोरं पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांत बारा बारा तास उभी राहून काम करत होती आणि एका खोलीत सहा जण राहत होती.

त्यातला एक मुलगा माझ्याकडं होता. हाताला फार चांगला. आठ महिन्यांत लेथ (धातू कातायचं मशिन) एकटा सांभाळायला लागला. तो निघाला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो, दोन हजार वाढवून देतो म्हणालो. त्याचे वडील गोठ्यात धार काढत होते. धार न थांबवताच ते म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ द्या मालक. पाच वर्सांनी ह्यो तुमच्याकडं कोण असंल?"

मला उत्तर देता आलं नाही. पाच वर्षांनी तो ऑपरेटर असणार होता आणि दहा वर्षांनीही ऑपरेटरच. मी त्याला चालू महिन्याचा पगार सांगत होतो आणि बाप पोराच्या सगळ्या उमेदीचं विचारत होता. चाकणला निदान वरच्या जागा दिसतात. त्या मिळतातच असं नाही, पण दिसतात.

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. पुढच्या दोन महिन्यांत आमच्या जुन्या मिस्त्रींबरोबर एक तक्ता बनवला आणि तो शॉपच्या भिंतीवर लावला. हेल्पर, ऑपरेटर, सेटर (मशिन कामासाठी लावून देणारा), प्रोग्रॅमर (मशिनचा प्रोग्रॅम लिहिणारा), लाइनचा सुपरवायझर. आणि एका बाजूला तपासणी विभागाच्या वेगळ्या पायऱ्या. प्रत्येक पायरीसमोर तीन गोष्टी लिहिल्या: काय यायला हवं, ते कोण तपासणार, पगार किती. ऑपरेटरला सेटर व्हायचं असेल तर ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, टूल बदलून मशिनला त्याच्या मापातला फरक (ऑफसेट) देता आला पाहिजे आणि पहिला नग स्वतः मोजून पास करता आला पाहिजे. हे जमलं की त्याच महिन्यापासून पगार वाढतो. त्यात माझ्या मर्जीचा भाग ठेवला नाही, आणि माझ्या भाच्यालाही त्या तक्त्याला वळसा घालून वर जाता आलं नाही. आज आमचा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनांचा, विभाग जो सांभाळतो तो दहावी नापास होऊन पॅकिंगला आला होता. अजूनही मुलं जातात, पण आता कोण का जातंय हे मला सांगता येतं, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी जातात.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आमच्या शेजारी शंभर वर्षांपूर्वी ते होऊन गेलंय. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआय या तांत्रिक शिक्षणसंस्थेत शिकवत होते. त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले. वरची पायरी नाकारली गेल्यानं बाहेर पडलेला हा माणूस होता, हे मला त्यांच्या चरित्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची भीती होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. पुढं बेळगावच्या नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली, आणि औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं. १९१० साली पंचवीसेक कामगार आपापली कुटुंबं घेऊन त्या माळावर उतरले. निवडुंग आणि नाग, दुसरं तिथं काही नव्हतं. पुढं त्या स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं.

गोष्ट सांगणारे बहुतेक इथंच थांबतात. मला त्या माळावरच्या माणसांबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. लक्ष्मणरावांचे जवळचे सहकारी अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी ही शाळा-कॉलेजच्या हिशेबानं मागं पडलेली माणसं होती. शाळा अर्धवट राहिलेले फळणीकर काम करता करता इंजिनिअर झाले, कुलकर्णी कारखान्याचे व्यवस्थापक झाले. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वस्तीच्या राखणीवर ठेवलं. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम केला. पदवी घेतलेली माणसं त्या माळावर येणार नव्हती, म्हणून जी आली त्यांच्यातून त्यांनी माणसं घडवली. तुमच्या तालुक्याची स्थिती आज याहून वेगळी नाही. "कुशल माणूस मिळत नाही" हे वाक्य तुमच्या बैठकीत नक्की येणार. कोणी ते बोललं की त्याला विचारा, तुमच्याकडं आलेला अकुशल माणूस तीन वर्षांनी कुशल का झाला नाही?

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेत, एमआयटीत शिकून परत आले ते वाडीलाच. बाहेर शिकलेल्या माणसाला परत येण्यासारखं काम गावात असावं लागतं, आणि ते तिथं होतं. पुढं उद्योग वाढला तसा तो बाहेर पसरला, १९४६ साली तेलइंजिनांचा कारखाना पुण्याला निघाला. वाडीतला पंपांचा कारखाना मात्र चालू राहिला, आणि माझ्यासारखे जॉब वर्कवाले (दुसऱ्याच्या मालावर काम करून देणारे) त्याच्याच सावलीत वाढले.

आता तुमच्या आठ जणांबद्दल. दहा-पंधरा माणसांच्या कारखान्यात शिडीला दोनच पायऱ्या असतात, हेल्पर आणि मालकाचा उजवा हात. उजवा हात एकदा ठरला की बाकीच्यांचा रस्ता संपला. पण आठ कारखान्यांची मिळून एक शिडी होऊ शकते, आणि तुमच्या धंद्यांकडं पाहून मला तर हेवा वाटला. जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाला ओसरतं. नवी तूर साधारण जानेवारीपासून येते, मग दालमिल जोरात. तुमच्या अवजारांची मागणी पेरणीच्या आधी, एप्रिल ते जून. म्हणजे एकच फिटर वर्षभर तुमच्यातल्या तिघांकडं पुरून उरेल. आज तो हंगाम संपला की घरी बसतो आणि मग पुण्याला जातो. त्याला बारमाही काम द्या, एकाकडं शिकलेलं दुसऱ्याकडं मोजलं जाईल असं लेखी ठरवा, आणि वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन या तीन कामांच्या पायऱ्या आठही जणांनी सारख्याच ठेवा. पीएफचा यूएएन, म्हणजे कामगाराचा खाते क्रमांक, मालक बदलला तरी तसाही एकच राहतो. एकमेकांची माणसं पळवायची नाहीत, अशी शपथ आम्ही एकदा घेतली होती. ती घेऊ नका. तिच्यानं मुलांचेच पगार दाबले जातात, आणि मुलांना ते लगेच कळतं.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्याला ते ऐच्छिक आहे. बहुतेक छोटे कारखानदार "आपल्याला लागू नाही" म्हणून विषय सोडतात. ऐच्छिक म्हणजे तुम्ही घेऊ शकता. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलेल अशी तरतूद झाली. सध्याचे आकडे सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर बघून घ्या. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीही बघा. पण सरकारी विद्यावेतनावर आलेल्या मुलाला फुकटचा हात समजून झाडलोट करायला लावलंत, तर तो गावात जाऊन तेच सांगेल आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडं कोणी फिरकणार नाही.

तालुक्याच्या आयटीआयमध्ये व्यवस्थापन समिती असते, तिच्यावर स्थानिक उद्योजक असतात. तुमच्यातला कोण आहे, ते आधी पाहा. नावापुरता असेल तर त्याला जागं करा, नाहीतर दुसरा द्या. आम्ही तिथं नियमित जायला लागलो तेव्हा कळलं की टर्नरच्या (लेथकामाच्या) मुलांना बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर पाळीपाळीनं वापरावा लागतो. आम्ही सहा जणांनी मोजमापाची साधनं दिली आणि दर शनिवारी आमचा एक सेटर शिकवायला पाठवला. मेळाव्याच्या मंडपाला याहून जास्त खर्च आला होता.

मुलींबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. तुमच्या तालुक्यातल्या बारावी झालेल्या मुली कुठंही गेलेल्या नाहीत, त्या तिथंच आहेत. आमच्या तपासणी विभागात आज सात मुली आहेत. त्यांच्यासाठी मला एकच मोठी गोष्ट करावी लागली: शिफ्टची वेळ शेवटच्या एसटीशी जुळवून घेतली, आणि ती चुकली तर घरी सोडायला गाडी ठेवली. धंदा करणाऱ्या बायकांबद्दल कोणाला शंका असेल तर त्याला सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला न्या. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी तिथं बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा बँक काढणाऱ्या बायकांच्या सह्यांऐवजी अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. त्या बायका अक्षरं शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, लिहितावाचता येत नव्हतं पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. पुढं तिथंच बायकांसाठी धंद्याचं शिक्षण देणारी शाळाही निघाली. माण हा दुष्काळी तालुका आहे.

शेवटचा मुद्दा बैठकीत कोणी काढत नाही, पण मुलं त्यामुळंच सर्वांत जास्त जातात. गावात राहिलेल्या पोराचं लग्न जमत नाही. मुलीकडचे विचारतात, मुलगा कुठं असतो? पुण्यात म्हटलं की पुढची बोलणी होतात. तुम्ही पगार रोखीनं देत असाल तर आधी ते थांबवा. पगार बँकेत, दर महिन्याला छापील स्लिप, पीएफ, आणि नेमणूकपत्रावर हुद्द्याचं स्पष्ट नाव. स्लिप नसेल तर घरासाठी कर्ज मिळणं अवघड जातं, आणि "कुठंतरी कारखान्यात असतो" एवढ्यावर सोयरीक होत नाही. आमच्या एका सेटरच्या लग्नाच्या वेळी मुलीचे वडील आणि मामा थेट शॉपवर आले होते. मी त्यांना चहा दिला आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला. मामांनी बोट ठेवून विचारलं, पावणं आज कुठल्या पायरीवर आहेत आणि पुढची कधी? मी दोन्ही सांगितलं. लग्न झालं, पोरगा आज प्रोग्रॅमर आहे.

पहिल्या बैठकीला पाहुणे बोलावू नका. आठ जणांनी एकेक कोरा कागद घ्या आणि गेल्या पाच वर्षांत आपल्याकडं खालून वर चढलेल्या माणसांची नावं लिहा. ज्यांचा कागद कोरा राहील त्यांच्या कारखान्यापासून काम सुरू करा. आमच्या तक्त्याचा फोटो हवा असेल तर इथंच कळवा. वेल्डर आणि फिटरच्या पायऱ्या तुमच्या कामाप्रमाणं बदलाव्या लागतील, त्याला मी मदत करीन.