जुन्या टाकुमारचा उजेड मोजताना

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि भिंतीचे फोटो मिळाले. जुन्या सुपर-टाकुमार लेन्सपेक्षा नंतरची मल्टिकोटेड, म्हणजे काचेवर कोटिंगचे अनेक पातळ थर चढवलेली, टाकुमार पाऊण स्टॉप जास्त उजेड देते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), आणि ही सगळी कोटिंगची करामत, असं तू लिहिलं आहेस. तू विचारायला हवा तोच प्रश्न विचारलास याचा मला फार आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहितो. पण पाऊण स्टॉप कोटिंगच्या खात्यावर टाकू नकोस. तेवढी त्याची ऐपतच नाही.

आधी कागदावर हिशेब मांड. बिनकोटिंगच्या साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, म्हणजे जिथे काच आणि हवा भेटतात तिथून, साधारण ४ टक्के उजेड माघारी फिरतो. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती उजेडाला किती वाकवते त्याचं माप, १.८ च्या घरात असेल तर ८ टक्के. एकपदरी कोटिंग केलं की हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास येतं, आणि चांगल्या बहुपदरी कोटिंगने अर्ध्या टक्क्याच्याही खाली. आता आपली लेन्स घे. जपानच्या असाही कंपनीने १९६४ साली काढलेल्या पहिल्या ५० मिमी एफ १.४ सुपर-टाकुमारमध्ये ८ भिंगं ६ गटांत बसवली होती. थोड्याच काळात तिची जागा ७ भिंगांच्या रचनेने घेतली, तीही ६ गटांचीच. १९७१ मध्ये सात पदरांचं कोटिंग घेऊन सुपर-मल्टि-कोटेड टाकुमार आली, तिचीही मूळ रचना हीच. तिन्हींत गट ६, म्हणजे हवेला लागलेले पृष्ठभाग १२.

०.९८५ चा १२ वा घात काढ: ०.८३ येतो. ०.९९५ चा काढ: ०.९४. म्हणजे एकपदरी कोटिंगची लेन्स ८३ टक्के उजेड पलीकडे पोचवते आणि बहुपदरी ९४ टक्के. या दोहोंतला फरक स्टॉपच्या सहाव्या हिश्श्याएवढा. कोटिंग अगदी उत्तम धरलं तरी पाव स्टॉपच्या पुढे गाडी जात नाही. सिनेमावाले वापरतात त्या टी-स्टॉपच्या, म्हणजे प्रत्यक्ष पलीकडे पोचणाऱ्या उजेडावरून काढलेल्या आकड्यांच्या, भाषेत एक टी १.५४ आणि दुसरी टी १.४४.

८ भिंगांच्या लेन्समध्ये काच जास्त म्हणून उजेड कमी, हाही समज यातूनच निकालात निघतो. तिच्यातली तीन भिंगं एकमेकांना चिकटवलेली आहेत. चिकटवलेल्या सांध्यात हवा नसते, दोन्हीकडच्या काचेचे अपवर्तनांक बऱ्यापैकी जवळचे असतात, त्यामुळे तिथून परतणारा उजेड नगण्य.

मग तुझा पाऊण स्टॉप आला कुठून? तुझ्याकडची सुपर-टाकुमार पांढऱ्या कागदावर धर आणि वरून आरपार बघ. कागद कोऱ्या चहासारखा दिसला तर निम्मं उत्तर मिळालं. ७ भिंगांच्या रचनेत मागच्या बाजूच्या काचेत थोरियम आहे. थोरियम ऑक्साइड घातलं की काचेचा अपवर्तनांक वाढतो आणि रंगांची फाकाफाक मात्र फारशी वाढत नाही. मोठ्या अपर्चरच्या, म्हणजे उजेड आत घेणारं भोक मोठं असलेल्या, लेन्सला नेमकं हेच हवं असतं. पण थोरियम किरणोत्सारी आहे, त्याचं अर्धायुष्य जवळपास १४०० कोटी वर्षं. त्याच्या किरणांनी काचेच्या घडणीत बारीक दोष तयार होत राहतात, ते निळा उजेड शोषतात आणि वर्षं जातात तसतशी काच पिवळी, मग तपकिरी होत जाते. मल्टिकोटेड टाकुमारमध्येही हीच थोरियमची काच आहे. म्हणजे तुझ्या दोन लेन्समधली एक बहुधा वर्षानुवर्षं अंधाऱ्या कपाटात पडून होती आणि दुसरीला ऊन मिळत राहिलं. तू दोन आवृत्त्यांची तुलना केलीस असं तुला वाटतंय, पण झाली आहे ती दोन नगांच्या आयुष्यांची. पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यातून बाहेर पडताना त्या कशा होत्या, हे तुझ्या भिंतीवर उमटलेलंच नाही.

हा पिवळेपणा जातो, म्हणून मोजमापाआधी तो घालव. अतिनील किरणांनी काचेतले ते दोष पुन्हा विरतात. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा छोटा यूव्ही दिवा घे, लेन्सचं मागचं तोंड दिव्याकडे कर, पुढून चांदीचा कागद लाव म्हणजे किरण परतून पुन्हा काचेतून जातील. काही दिवस लागतील, काच फार काळवंडलेली असेल तर काही आठवडे. मधूनमधून पांढऱ्या कागदावर धरून बघत जा. उन्हात ठेवूनही होतं, पण लक्ष न देता खिडकीत ठेवलेली उघडी लेन्स आग लावू शकते, आणि उन्हाने तापून आतलं ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर उतरतं. मी तरी दिवाच वापरायला सांगेन. यूव्ही दिव्याकडे थेट पाहू नकोस. थोरियमची भीतीही बाळगू नकोस. कॅमेऱ्याला लावून वापरण्यात चिंतेचं कारण नाही. फक्त ती काच घासायची नाही, फोडायची नाही आणि तिचं डोळ्याला लावायचं भिंग करायचं नाही.

बुरशीही बघून घे. तुझी लेन्स मुंबईत काही पावसाळे काढून आली आहे. मागून टॉर्च मारून पुढून तिरकं पाहिलंस की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा धुरकट साय लगेच दिसेल. त्या सायीने उजेड फारसा घटत नाही, तो विखुरतो. हे ध्यानात ठेव, कारण पुढे याच गोष्टीवर यायचं आहे.

तुझ्या एफ ४ च्या फोटोंबद्दल वेगळी शंका आहे. टाकुमारच्या अंगावर ऑटो आणि मॅन्युअलची कळ असते. लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या ज्या अॅडॉप्टरला मागची पिन दाबणारी कड नाही, त्यावर कळ ऑटोवर असली तर तू अपर्चर रिंग कुठेही फिरव, पाती पूर्ण उघडीच राहतात. तुझ्या फोटोत एक लेन्स एफ ४ वर आणि दुसरी त्याहून मोकळी असण्याची शक्यता आहे. कळ मॅन्युअलवर कर आणि पुढून डोकावून पाती मिटताना प्रत्यक्ष बघ.

पातीही विश्वासाची नाहीत. इतक्या वर्षांच्या दोन लेन्सची एफ ४ ची भोकं सारखी असतील असं गृहीत धरता येत नाही. अपर्चर पूर्ण उघडं ठेवावं, तर एफ १.४ ला येणारे तिरपे किरण डिजिटल सेन्सर नीट पकडत नाही. यावर एक सोपा उपाय आहे. दोन्ही लेन्सचा फिल्टरचा आटा ४९ मिमीचा आहे. जुन्या फिल्टरची काच काढून त्या कड्यात काळं कार्ड बसव आणि त्याच्या बरोबर मध्ये १२.५ मिमीचं स्वच्छ गोल भोक पाड. अपर्चर पूर्ण उघडं ठेवून हे कडं आळीपाळीने दोन्ही लेन्सना लाव. आता चौकटीच्या मध्यापुरतं दोन्ही लेन्सचं भोक एकच झालं, साधारण एफ ४ एवढं, आणि पात्यांचा संबंध संपला. उरला तो मुख्यतः काचेचा आणि कोटिंगचा फरक.

फोकस दोन्हींवर अनंताला. जवळ फोकस केलं की लेन्स पुढे सरकते आणि उजेड घटतो. लक्ष्य म्हणून भिंत नको. दुधी अॅक्रिलिकमागे दिवा लावून तळहाताएवढा उजळ चौकोन कर आणि भोवती सगळं काळं ठेव. तो धूसर दिसेल, दिसू दे. तुला फक्त मधल्या ठिपक्याची सरासरी हवी आहे. घरचा दिवा ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून शटर १/२५ किंवा त्याहून सावकाश ठेव. शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने ठरवून दे आणि नंतर हात लावू नकोस. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, घे, आणि आकडे काढताना आधी काळ्याची पातळी, म्हणजे उजेड नसतानाही सेन्सर देतो तो आकडा, वजा कर, म्हणजे दुप्पट आकडा म्हणजे एक स्टॉप हे गणित खरं ठरेल. पहिली लेन्स, दुसरी लेन्स, पुन्हा पहिली, असा क्रम ठेव. पहिल्या आणि तिसऱ्या फोटोचे आकडे जुळले नाहीत तर दिवा हलला किंवा बदलला. ती सगळी मालिका टाकून दे आणि नव्याने घे. इथे हट्टी राहा.

लाल, हिरवा, निळा वेगवेगळे वाच. निळ्यात मोठी तफावत, हिरव्यात थोडी आणि लालमध्ये जवळजवळ नाही, असं आलं तर थोरियमचा पिवळेपणा अजून शिल्लक आहे. तिन्हींत साधारण सारखीच तफावत आली तर कोटिंगबद्दल बोलू. ऑटो व्हाइट बॅलन्सने तुझ्या पहिल्या फोटोंतून हाच पुरावा पुसून टाकला.

आता त्या विखुरलेल्या उजेडाकडे येतो, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. पृष्ठभागावरून परतलेला उजेड नाहीसा होत नाही. तो भिंगांच्या मध्ये इकडून तिकडे उड्या मारतो आणि त्यातला काही अखेर सेन्सरवरच पडतो, पण भलत्या जागी. पूर्ण पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतलास की हा भरकटलेला उजेडही बेरजेत धरला जातो आणि खराब कोटिंगची, साय धरलेली लेन्स आहे त्यापेक्षा चांगली दिसते. म्हणूनच वर भोवती काळं ठेवायला सांगितलं. दुसऱ्या प्रयोगात याच्या बरोबर उलट कर: एका खोक्याला आतून काळी मखमल लाव, त्याला छोटं भोक पाड, ते उजळ पांढऱ्या भिंतीच्या मध्ये ठेव आणि भोकावर नीट फोकस करून फोटो घे. भोक काळंकुट्ट यायला हवं. ते पांढऱ्याच्या किती टक्के उजळ आलं ते मोज. पोचणाऱ्या उजेडात जो फरक पाव स्टॉपही भरत नाही, तो इथे डोळ्यांना सहज दिसेल. मल्टिकोटिंगची किंमत सावल्यांच्या काळेपणात आहे.

हा विचार जुना आहे. जर्मनीच्या झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फने १८९६ साली केलेली प्लॅनार लेन्स उत्तम असूनही मागे पडली, कारण तिला हवेला लागलेले ८ पृष्ठभाग होते आणि तेव्हा कोटिंग नव्हतं. लुडविग बेर्टेलेने सोनार ही लेन्स रचताना हवेचे पृष्ठभाग मुद्दाम कमी ठेवले. झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ साली कोटिंगचं पेटंट घेतलं आणि हळूहळू चित्र पालटलं. त्याच्याही आधी, १८९२ च्या सुमारास, इंग्लंडच्या डेनिस टेलरने पाहिलं होतं की काळाने डाग धरलेल्या काही लेन्स नव्यापेक्षा जास्त उजेड देतात. काचेवर चढलेला तो पातळ थर कोटिंगचंच काम करत होता. जुन्या लेन्सवरचा प्रत्येक डाग पुसायला धावू नकोस असं मी का सांगतो, ते यावरून कळेल.

८ भिंगांची कुणी महाग विकतोय म्हणतोस, तर घेण्याआधी फोकसची खोली (डेप्थ ऑफ फील्ड) दाखवणाऱ्या पट्टीवरची इन्फ्रारेडची लाल खूण बघ. पट्टीच्या मधल्या खुणेवरून पाहता ८ भिंगांच्या लेन्सवर ती ४ या आकड्याच्या पलीकडे असते, ७ भिंगांच्या लेन्सवर अलीकडे. ८ भिंगांच्या लेन्समध्ये थोरियम नाही, म्हणून ती पिवळी पडत नाही. तुझ्या तुलनेसाठी तो फार चांगला आधार होईल. पण जास्त उजेड मिळेल म्हणून घेणार असशील तर पैसे वाचव. असाहीच्या स्पॉटमॅटिक कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधून आलेला उजेडच मोजतो, तेव्हा थोडा कमी आला तर तो स्वतः भरपाई करतो. हातातला मीटर घेऊन स्लाइड फिल्म वापरणार असशील तरच हा पाव स्टॉप वहीत लिहून ठेव.

आधी यूव्ही दिव्याचं काम सुरू कर, तोवर कार्डाचं भोक पाडून ठेव. कडेला कागदाचे तंतू राहू देऊ नकोस. मोजमाप झालं की तिन्ही रंगांचे आकडे आणि मूळ रॉ फाइली मला पाठव, जेपेग नकोत. दोन्ही लेन्स मागून टॉर्च लावून काढलेले फोटोही सोबत जोड.

तुझा,
काका