घरी बनवलेले फूटपेग टिकतील का? पाय ठेवायची जागा बनवा, बिजागरी बनवू नका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मोटरसायकल रस्त्यावरही चालवता आणि कच्च्यातही. मूळचे पेग, म्हणजे पाय ठेवायचे दांडे, अरुंद, वर रबर. चिखल लागला की बूट सटकतो आणि उभं राहून चालवलं की तळव्याच्या मधोमध दुखायला लागतं. तुमच्या मॉडेलला बसणारे तयार रुंद पेग मिळत नाहीत. वेल्डिंग येतं, ग्राइंडर आणि ड्रिल हाताशी आहे. मग घरी केलेले पेग टिकतील का, आणि लोखंड कुठलं, किती जाडीचं?

टिकतात. माझ्या गाडीवर घरचेच आहेत आणि त्यांच्यावर उभं राहायला मला कधी भीती वाटली नाही. पण जाडी हा नंतरचा प्रश्न आहे. आधी पेगचं आतलं टोक नीट बघा, कारण सगळा खेळ तिथे आहे.

पेग काढून हातात घ्या. आतल्या टोकाला एक जीभ आहे, ती गाडीला लावलेल्या ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये बसते आणि मधून पिन जाते. तुम्ही पेगवर उभे राहता तेव्हा पेग पिनभोवती फिरून खाली पडायला बघतो. त्याला अडवतं कोण? जिभेचा पिनखालचा भाग. तो आत ब्रॅकेटवर जाऊन दाबला जातो. हा स्टॉपर. पिन आणि स्टॉपर यांच्यातलं अंतर साधारण दोन सेंटिमीटर असतं, आणि तुमचा पाय पिनपासून आठ सेंटिमीटर बाहेर. म्हणजे सरळ चौपट तरफ.

आता आकडे घाला. बूट-जॅकेटसकट माणूस 90 किलोचा धरू. खड्ड्यातून उडून एका पायावर जोर घेऊन गाडी आपटली तर तिप्पट भार धरायला हरकत नाही, म्हणजे 270 किलो. गुणिले चार. पिनवर आणि स्टॉपरवर 1,080 किलोचा जोर, एक टनाच्या वर. आणि पिन-स्टॉपर अंतर तुमच्या हातून दोनऐवजी एक सेंटिमीटर झालं, तर दोन टन. वरची पट्टी किती मिलिमीटरची घेतली यानं या हिशेबात काहीच फरक पडत नाही.

त्यामुळे माझं मत ठाम आहे: बिजागरीचं टोक कंपनीचंच ठेवा, त्यावर पाय ठेवायची जागा तुम्ही बनवा. जीभ, पिनचं भोक, स्टॉपरचा कोन या गोष्टी घरच्या ड्रिलवर जमत नाहीत असं नाही, पण त्यात झालेली छोटीशी चूक बाहेरच्या टोकाला मोठी होऊन दिसते. स्टॉपरची कड एक मिलिमीटर कमी पडली की पेगचं टोक चार-पाच मिलिमीटर खाली लोंबतं. लोंबणाऱ्या पेगवरून पाय बाहेर घसरत राहतो. दात कितीही धारदार करा, उपयोग नाही. उलट टोक किंचित वर उचललेलं असेल तर पाय आपोआप गाडीकडे येतो.

म्हणून आधी बघायचं ते मूळचा पेग कशाचा आहे. चुंबक लावा. चिकटला नाही तर तो बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचा, आणि त्याला घरी वेल्ड करायच्या भानगडीत पडू नका. चिकटला तर खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही आणि जोर येत नाही तिथे, ग्राइंडर हलकाच टेकवा. लांब, पिवळट-पांढऱ्या ठिणग्या उडाल्या तर पोलाद आहे, काम करा. ठिणग्या आखूड आणि लालसर, चाकाजवळच विझणाऱ्या असतील तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड आहे. त्यावरचं वेल्ड थंड होता होताच शेजारी तडा जाऊ शकतो. ॲल्युमिनियम किंवा बीड निघालं तर दुसऱ्या एखाद्या गाडीचे पोलादी पेग शोधा, ज्यांची पिन तेवढ्याच व्यासाची आणि जीभ तेवढ्याच रुंदीची आहे. जीभ थोडी जाड असेल तर घासून कमी करता येते, पातळ असेल तर वॉशर घालता येतात. स्टॉपरचा कोन मात्र तुमच्या ब्रॅकेटवर बसवूनच ठरवायचा, कानशीनं थोडं थोडं घासत. एकदा जास्त घासलं की परत भरणं कटकटीचं.

आता लोखंड. साधी एमएस (माइल्ड स्टील, कमी कार्बनचं साधं पोलाद) पट्टी पुरते. लोक लगेच स्टेनलेसकडे वळतात, पण नेहमीचं 304 स्टेनलेस एमएसपेक्षा मजबूत नाही. त्याची वाकायला लागण्याची मर्यादा एमएसच्या आसपासच, बहुधा किंचित कमी. गंजत नाही एवढाच फायदा, आणि एमएसला जोडायचं तर 309 ची वेल्डिंगची तार लागते. ॲल्युमिनियम हलकं खरं, त्यातला 6061-टी6 हा मजबूत प्रकार कागदावर एमएसच्या तोडीचा, पण वेल्ड केलं की सांध्याशेजारची ताकद जवळपास निम्म्यावर येते. शिवाय ॲल्युमिनियमला थकव्याची खालची मर्यादा नसते. छोटे छोटे धक्के लाखो वेळा बसले की कधीतरी तुटणार, आणि तुटताना आधी वाकून सांगणार नाही. एमएस वाकतं. पेग वाकलेला दिसला की तुम्ही थांबता, हे मला हवं आहे. पेग फ्रेमपेक्षा आधी वाकलेला बरा, पेग पुन्हा बनवता येतो.

गाडीचे जुने पाटे, स्प्रिंगचं पोलाद, टॉर्शन बार हे मोहात पाडणारे तुकडे आहेत. नको. त्यात कार्बन जास्त, वेल्डच्या कडेला ते काचेसारखं ठिसूळ होतं. जुन्या साखळीचे तुकडे दात म्हणून वर जोडायची टूमही तशीच. दिसतं झकास, पण साखळीच्या कड्या आणि पिना कडक केलेल्या असतात, आतलं ग्रीस वेल्डमध्ये उकळतं आणि सांधा सच्छिद्र राहतो.

पट्टी 25 बाय 5 मिलिमीटरची घ्या आणि उभी लावा, म्हणजे 25 ची बाजू वर-खाली. याचा हिशेब सोपा आहे: वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या वर्गात. तीच पट्टी आडवी ठेवली तर उभीच्या पाचवा हिस्सा ताकद. म्हणजे जाड पट्टी आडवी लावून वजन वाढवण्यापेक्षा साधी पट्टी उभी लावणं केव्हाही चांगलं. शिवाय उभ्या पट्ट्यांची चौकट मधून मोकळी राहते, चिखल खाली गळून जातो. खालून पत्रा मारून ती बंद करू नका, नाहीतर चिखल दाबला जाऊन पुन्हा गुळगुळीत होईल. मध्ये एक आडवी पट्टी मात्र हवी, नाहीतर बुटाचा तळ चौकटीत खचतो.

मापं: लांबी मूळच्या पेगएवढीच, रुंदी 55 ते 60 मिलिमीटर. लांबी वाढवायचा मोह आवरा. बाहेर गेलेला प्रत्येक सेंटिमीटर तरफही वाढवतो आणि वळणावर रस्त्याला लवकर टेकतो. रुंदी वाढवायची ती मागे. पुढे वाढवलीत तर गिअरच्या लिव्हरखाली बूट घुसवायला जागा उरत नाही आणि ब्रेकच्या पेडलवर पाय वाकडा ठेवावा लागतो. पेग खाली आणायचीही एक फॅशन आहे, उंच लोकांना गुडघे मोकळे मिळतात म्हणून. पाय फारच आखडत असतील तर एखादा सेंटिमीटर ठीक. त्याहून जास्त नको. दगडावर आधी पेगच आपटेल, आणि ब्रेक-गिअर दोन्ही नव्यानं लावायला लागतील.

दात चौकट जोडण्याआधी पाडा. लांबीच्या दोन्ही पट्ट्या एकावर एक व्हाइसमध्ये धरा, म्हणजे दोन्हीकडे सारखे येतील. कटिंग डिस्कनं खाचा, मग तिकोनी कानस. दोन दातांत आठ ते दहा मिलिमीटर, खोली चार-पाच. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक जण सोडून देतात. वजन पडलं की पेगची वरची कड ताणली जाते आणि खालची दाबली जाते. तडा ताणाच्या बाजूनं सुरू होतो, आणि सगळ्यात जास्त ताण जिभेजवळ असतो. तिथे वरच्या कडेला धारदार खाच म्हणजे तड्याला आमंत्रण. आतल्या टोकाकडचे दीडेक सेंटिमीटर दातांशिवाय सोडा, आणि बाकीच्या खाचांचा तळ गोल कानशीनं एकदा फिरवून घ्या. बाहेरचे कोपरे पण गोल करा. पाय घसरून नडगी दातांवर आली तर काय होतं ते वर्णन करत नाही.

वेल्डिंग गाडीवर करू नका. पेग काढा, स्प्रिंग काढा, रबर काढा. मूळच्या पेगवर जस्ताचा किंवा क्रोमचा थर असेल तर जोडाच्या जागी तो पूर्ण घासून काढा. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप येतो, क्रोमचा त्याहून घातक, आणि सांधाही नीट लागत नाही. घासतानाही मास्क लावा. आधी चारी कोपऱ्यांना टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, गाडीवर बसवून बघा, मगच पूर्ण वेल्ड. जिभेजवळच्या जोडात वेल्डची रेघ लांबीच्या दिशेनं, दोन्ही बाजूंच्या अंगानं ओढा. वरच्या कडेवरून आडवी रेघ मारू नका, कारण तीच ताणाची बाजू. खाली तिकोनी आधारपट्टी जोडली तर फार चांगलं, तिथे दाब असतो. काम झालं की आपोआप गार होऊ द्या. घाईनं पाण्यात बुडवणारे पाहिलेत, म्हणून सांगतो.

गार झाल्यावर पिन हातानं सरकली पाहिजे. अडकली तर वेल्डनं जीभ ओढली गेली आहे. हातोडी मारून पिन बसवू नका, भोक रीमरनं (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) किंवा गोल कानशीनं साफ करा. पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला असते ती स्प्लिट पिन नवीन घाला, दर वेळी.

मग घडी. पेग वर आणि मागे दुमडलाच पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगनं टपकन जागेवर यायला हवा. रुंदी वाढल्यामुळे दुमडताना तो ब्रेकच्या पेडलला, किकला, सायलेन्सरला किंवा साइड स्टँडला लागतो का, हे दोन्ही बाजूंनी बघा. कुठे लागत असेल तर कोपरा कापा. पण पेग फिरू नये म्हणून वेल्ड मारून पक्का करायचा विचारही करू नका. वळणात झुकलेली गाडी पक्क्या पेगवर टेकली तर मागचं चाक रस्त्यावरून उचललं जाऊ शकतं, आणि कच्च्यात दगडाला अडकला तर पेग नाही, फ्रेमचा कान जातो.

पहिली चाचणी घरीच. गाडी दोन्ही चाकांवर उभी, कोणीतरी पुढून घट्ट धरलेली, आणि तुम्ही एका पेगच्या अगदी बाहेरच्या टोकावर पूर्ण वजन टाकून झोके घ्या. दुसऱ्या बाजूनंही. नंतर पेगची पातळी आधीइतकीच आहे का ते मोजा. खाली गेली असेल तर कुठे वाकलं ते शोधा: बहुतेकदा स्टॉपरची कड दबलेली सापडते. ब्रॅकेटचे बोल्टही तेव्हाच तपासा. ते सैल असतील तर नव्या पेगची सगळी मेहनत वाया.

रंग पातळ मारा. पावडर कोटिंग छान दिसतं, पण त्याचा थर जाड, खाली तडा गेला तरी लवकर कळत नाही. साध्या रंगाखालून तडा गेला की गंजाची बारीक तांबूस रेघ बाहेर येते, ती धुताना दिसते. पिनचं भोक आणि स्टॉपरची कड दोन्ही रंगाशिवाय ठेवा, तिथे ग्रीस.

रस्त्यावर जास्त चालवत असाल तर नुसत्या दातांवर तळव्यांना झिणझिण्या येतील आणि साध्या बुटांचे तळ कुरतडले जातील. त्यासाठी चौकटीत बसेल असा जाड रबराचा तुकडा कापा, कन्व्हेयर बेल्टचा चालतो, आणि खालून एका बोल्टनं धरा. रबर दातांच्या दोन-तीन मिलिमीटर वर राहिलं पाहिजे. बसून चालवताना पाय रबरावर राहतो, उभे राहिलात की रबर दबतं आणि दात बुटात रुततात. पूर्ण कच्च्यात जायचं त्या दिवशी बोल्ट काढून रबर घरी ठेवा.

मागे बसणाऱ्याच्या पेगला यातलं काहीही करू नका, तो आहे तसाच राहू दे. आणि सुरुवात डाव्या बाजूनं करा. तिथे गिअरची लिव्हर आणि साइड स्टँड दोन्हींची अडचण कळते. उजव्या पेगची मापं, ब्रेकचं पेडल बघून, नंतर पक्की करा. तुमच्या पिनचा व्यास आणि जिभेचा बाजूनं काढलेला फोटो टाकलात तर स्टॉपरबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.