डोंगर दिसला नाही म्हणून मुलगी नापास?

एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी सतरा वर्षांची, बारावीत. लहानपणापासून पियानो शिकते, पियानोवादनाच्या परीक्षेची आठवी ग्रेड चांगल्या गुणांनी पार झाली आहे. डोंगरदऱ्यांत भटकताना तिला एक कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, सुचला आणि आता तिला संगीतरचनाच शिकायची आहे. वडिलांनी अट घातली: सुट्टी संपायच्या आत पियानो आणि पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी अर्ध्या तासाचा कॉन्चेर्टो लिहून दाखव. ऐकताना मला डोंगर दिसला तर संगीत, नाहीतर इंजिनिअरिंग. पहिला भाग तिने कॉम्प्युटरवर ऐकवला. डोंगर काही दिसला नाही. ‘तिच्यात खरंच गुण आहे का, हे कसं ओळखायचं?’ असं ते विचारतात.

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी या अटीबद्दल बोलू द्या, कारण पत्र वाचल्यापासून मला काळजी लागली आहे ती हिचीच. अट न्याय्य वाटते, म्हणूनच ती जास्त घातक आहे. तुम्ही ‘नाही’ म्हणालेला नाहीत, संधी दिली आहे, असं तुम्हाला वाटतं. पण सतरा वर्षांच्या मुलीला तुम्ही जे काम दिलंत, ते संगीतरचनेचे विद्यार्थी सहसा काही वर्षं शिकल्यावर हाती घेतात. परीक्षक तुम्ही, निकष तुमचा, आणि निकालावर तिचं आयुष्य. आता ती संगीत लिहीत नसणार. बाबांना काय दिसेल, याचा अंदाज बांधत प्रत्येक ओळ खोडत असणार. ज्या गोष्टीवर तिचा सगळ्यात जास्त जीव आहे, तिचीच तुम्ही तिला धास्ती बसवताय.

आता डोंगर दिसण्याबद्दल. निसर्गावरचं संगीत म्हणजे निसर्गाचं चित्र, झरा वाजला की झरा ओळखू यायला हवा, हा गैरसमज फार जुना आहे. १८०८ मध्ये बीथोव्हनची पास्टोरल सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा हे चित्रणापेक्षा भावनेची अभिव्यक्ती अधिक आहे, असं त्याने सांगून ठेवलं होतं. तेही कोकिळेची आणि बुलबुलाची हाक वाद्यांवर काढलेली असताना! नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याचा पियानो कॉन्चेर्टो घ्या. टिंपनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचा, गडगडाट होतो आणि पियानो वरून खाली कोसळत येतो. ऐकणाऱ्यांना त्यात नॉर्वेचे कडे आणि फ्योर्ड, म्हणजे कड्यांमधल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, दिसतात. हा कॉन्चेर्टो त्याने १८६८ च्या उन्हाळ्यात लिहिला, तो डेन्मार्कमध्ये, जिथे डोंगर जवळजवळ नाहीतच. समोर कडा नसताना हे संगीत उभं राहिलं. आणि उभं राहिल्यावरही तो थेट १९०७ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या वर्षापर्यंत, त्यात दुरुस्त्या करत होता. तुम्ही मुलीला एक सुट्टी दिली आहे.

शिवाय तुम्ही ऐकलंत ते सॉफ्टवेअर. त्यात बासरीचा खालचा सूर ट्रॉम्बोनच्या गर्दीतही स्वच्छ ऐकू येऊ शकतो, सभागृहात तो बुडतो. हॉर्नवादकाला दम लागतो, ओठ थकतात, कॉम्प्युटरला काहीच होत नाही. उलटही घडतं: खऱ्या व्हायोलिनांवर अंगावर काटा आणणारी जागा सॉफ्टवेअरमध्ये सपाट वाटते. त्यावरून गुण ओळखणं मलाही जमणार नाही.

मग काय करायचं? परीक्षांचं एका ओळीत सांगतो: एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा मंडळांची आठवी ग्रेड वादनाची तयारी दाखवते, रचनेची नाही. संगीतरचनेच्या अभ्यासक्रमांना साधारणपणे स्वतःच्या काही रचनांची स्वरलिपी मागतात. जमल्यास ध्वनिमुद्रण, आणि पुढे मुलाखत. तिथे अर्धवट कळलेल्या वीस-पंचवीस ओळींच्या ऑर्केस्ट्रा स्कोअरपेक्षा माणसांनी खरोखर वाजवलेली छोटी रचना बोलकी ठरते. म्हणून कॉन्चेर्टो सध्या बाजूला ठेवायला सांगा. पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी चार-पाच मिनिटांचं काहीतरी लिहू दे. वादकांसमोर बसू दे, ‘हे बोटांत बसत नाही’ हे त्यांच्या तोंडून ऐकू दे. एका तालमीत ती जे शिकेल ते महिनाभर स्क्रीनसमोर बसून हाती लागणार नाही.

हा भाग तिला वाचायला द्या. बेटा, तुझ्या डोंगरात पियानो कोण आहे? चालणारा माणूस, वारा, की खुद्द डोंगर? कॉन्चेर्टोत एक जण अनेकांसमोर उभा असतो, त्याच्याकडे तिथे असण्याचं कारण हवं. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८३४ मध्ये ‘हॅरल्ड इन इटली’त एकट्या व्हायोलाला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरातलं वाद्य) डोंगरात भटकणारा माणूस केलं. तो बघतो, ऐकतो, बराच वेळ गप्प राहतो. ज्या नामवंत वादक पॅगानिनीसाठी ते लिहायला घेतलं होतं, त्याला इतकी शांतता नको होती, त्याने वाजवायला नकार दिला. बर्लिओझ मात्र आपल्या कल्पनेला धरून राहिला. तुझी रचना तीन वाद्यांची असली, तरी हा प्रश्न आधी सोडव.

तुम्ही लिहिता, आधी पदवी, मग छंद. रशियन संगीतकार बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि १८८० मध्ये त्याने मध्य आशियाच्या गवताळ मैदानांवर सुंदर वाद्यवृंदरचना केली, हे खरं. पण त्याचा ऑपेरा ‘प्रिन्स इगोर’ अपुरा राहिला, १८८७ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर तो इतरांनी पुरा केला. इंग्लिश संगीतकार डिलियसच्या वडिलांचा लोकरीचा व्यापार होता. मुलगा त्यात रमेना, तेव्हा १८८४ मध्ये तो फ्लोरिडाच्या संत्र्याच्या मळ्यावर गेला. तिथे संत्र्यांकडे दुर्लक्ष करून तो संगीत शिकला, आणि १८८७ मध्ये त्याच भूमीच्या आठवणींवर ‘फ्लोरिडा सुइट’ ही वाद्यवृंदरचना लिहिली. दोन व्यवसाय सांभाळता येतात, पण ती निवड त्या माणसाची असली तर. तुम्ही लादलेलं इंजिनिअरिंग तिला बोरोदिन करणार नाही.

पैशाची तुमची काळजी मात्र रास्त आहे. केवळ मैफिलीच्या रचनांवर घर चालवणारे फार थोडे. बहुतेक जण शिकवतात, चित्रपट आणि गेम्ससाठी लिहितात, दुसऱ्यांच्या चालींचं वाद्यवृंदासाठी संयोजन करतात. हे तिला आत्ताच, न घाबरवता सांगा. तिने स्वतः इंजिनिअरिंग निवडलं तरी माझी हरकत नसेल.

अट मात्र आज रात्रीच मागे घ्या, आणि गुळमुळीत नको, स्पष्ट शब्दांत: ‘मी चुकीची परीक्षा घेतली, ती रद्द.’ त्यानंतर दोघं मिळून तिला आवडलेल्या तीन अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या अटी वाचा. गुण आहे का, हे त्या तालमीनंतर रचना शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाला विचारा, आणि उत्तर ऐकताना तिलाही सोबत बसवा.