वाचकांचे प्रश्न : मंडळाचे डॉलर, कोआला आणि आपली साळुंकी

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मेलबर्नच्या पूर्वेकडच्या सबर्ब्समधली वीसेक मराठी कुटुंबं. गणपतीत मिसळीचा स्टॉल लावला होता, खर्च वजा जाता ४,२०० डॉलर उरलेत. २०२० च्या वणव्यांपासून तिथल्या प्राण्यांसाठी काहीतरी करायचं असं सगळ्यांच्या मनात होतं. आता ईस्ट गिप्सलँडमधल्या (व्हिक्टोरियाचा पूर्वेकडचा भाग) एका छोट्या लँडकेअर ग्रुपला, म्हणजे जमीन आणि जंगल सांभाळणाऱ्या स्थानिक लोकांच्या गटाला, नेस्ट बॉक्ससाठी (प्राणी-पक्ष्यांना राहायला झाडावर लावायच्या पेट्या) पैसे हवेत. पण मंडळात दोन गट पडलेत, एक म्हणतो कोआलांच्या हॉस्पिटलला देऊन मोकळे व्हा, दुसरा म्हणतो या ग्रुपलाच द्या. आणि खजिनदार काका म्हणतात, पावती कोण देणार? काय करावं?

उत्तर : काकांना आधी माझा नमस्कार सांगा, मुद्द्याचं तेच बोललेत. २०१९-२० च्या त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियन कॉमेडियन सेलेस्ट बार्बरने वणव्यांसाठी पैसे द्या असं फेसबुकवर आवाहन केलं होतं, टार्गेट होतं ३० हजार डॉलर आणि जमले ५ कोटी १० लाखांच्या वर! देणाऱ्यांपैकी कित्येकांना वाटत होतं की थोडे प्राण्यांना जातील, थोडे घर जळलेल्यांना, पण पैसे ज्या ट्रस्टच्या नावावर गेले तो न्यू साऊथ वेल्सच्या रुरल फायर सर्व्हिसचा (वणवे विझवणारी सेवा), आणि त्याच्या डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या कागदात, होतं आग विझवणाऱ्या तुकड्यांची साधनं, ट्रेनिंग वगैरे. शेवटी मे २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जखमी फायरफायटर्सना आणि जे गेले त्यांच्या घरच्यांना देता येतील, पण दुसऱ्या संस्थांना किंवा प्राण्यांसाठी नाही. यात लबाडी कोणाचीच नव्हती हो, फक्त पैसे कुठल्या खात्यात जातायत आणि त्या खात्याचा कागद काय म्हणतो हे द्यायच्या आधी बघितलं गेलं नाही.

म्हणून पहिलं काम, त्या ग्रुपचं नाव चॅरिटी रजिस्टरवर, म्हणजे एसीएनसीच्या (चॅरिटींची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) साइटवर शोधा. नसलं तर लगेच नाक मुरडू नका, असे कितीतरी छोटे ग्रुप स्वतः रजिस्टर नसतात, ओळखीची मोठी संस्था त्यांच्या वतीने पैसे घेते आणि हिशोब देते, इकडे त्याला ऑस्पिस म्हणतात, तर ती संस्था कोणती ते विचारा. टॅक्समध्ये सूट फक्त डीजीआर (देणगीवर करसवलत मिळेल अशी सरकारी मान्यता) असलेल्या संस्थेला २ डॉलर किंवा त्याहून जास्त दिले तरच मिळते, आणि तीही ज्याने खिशातून दिले त्याला. मिसळ खाल्ली ती खाल्ली, त्याची सूट नाही! मग एक पानाचं पत्र करा, पैसे कशासाठी, कधीपर्यंत, आणि उरले तर कशाला वापरायचे. हे ‘उरले तर’ बहुतेक लोक लिहायचं विसरतात.

आता कोआला. मला कोआला आवडतात, गैरसमज नको. पण पोर्ट मॅक्वारीच्या कोआला हॉस्पिटलने तेव्हा २५ हजार मागितले होते, जंगलात प्राण्यांसाठी पाण्याची सोय करायला, आणि आले ७० लाखांहून जास्त. गोंडस चेहऱ्यामागे पैसा आपोआप जातो. कांगारू आयलंडवर डनार्ट म्हणून एक उंदराएवढा, पिशवीवाला प्राणी आहे, फक्त त्याच बेटावर. जवळजवळ अर्धं बेट जळलं, जे डनार्ट वाचले ते लपायला गवतसुद्धा नसल्यामुळे रानटी मांजरांच्या तोंडी जायला लागले, तेव्हा तिथल्या शेतमालकांनी आपल्या जमिनीवर जागा दिली आणि एका संस्थेबरोबर ३६९ हेक्टरला मांजर आत शिरणार नाही असं कुंपण घातलं. कुंपणाचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही. त्यामुळे माझं मत विचाराल तर पैसे लँडकेअरला द्या.

पण डोळे मिटून नको. नेस्ट बॉक्स म्हणजे ढोलीला पर्याय. निलगिरीची बरीच झाडं जळली तरी खोडातून परत पालवी फोडतात, म्हणून जंगल हिरवं दिसलं की आपल्याला वाटतं झालं सगळं ठीक. पण ढोली असलेली म्हातारी झाडं आगीत कोसळतात आणि नवीन झाडाला राहण्याजोगी ढोली व्हायला शंभरेक वर्षं जातात, तोवर ग्रेटर ग्लायडरसारख्यांनी (झाडावरून झाडावर तरंगत जाणारा, ढोलीत राहणारा प्राणी) जायचं कुठे? तर ग्रुपला विचारा, बॉक्स नक्की कोणासाठी? भोक केवढं? भोक मोठं ठेवलं की शुगर ग्लायडरच्या (त्याच्यासारखाच पण छोटा प्राणी) जागी भलताच कोणीतरी येऊन बसतो, कधी मधमाश्यांचं पोळं लागतं, आणि कधी (हे लिहिताना मला जरा ओशाळल्यासारखं होतं) आपली साळुंकी! १८६२ च्या सुमारास मेलबर्नच्या भाजीमळ्यांतले किडे खाईल म्हणून मुद्दाम आणली आणि आता इथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते म्हणून लोक तिला इंडियन मायना म्हणून शिव्या घालतात. पातळ प्लायवूडचे बॉक्स उन्हाळ्यात आत भट्टीसारखे तापतात, तेही विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दरवर्षी शिडी लावून आत कोण डोकावणार, बिजागरी तुटली तर कोण बदलणार? ४,२०० पैकी निम्मे बॉक्सला आणि निम्मे पुढच्या तीन-चार वर्षांच्या देखभालीला असं सरळ पत्रात लिहा. ग्रुपवाले खुश होतील, कारण ग्रँटमध्ये वस्तूंना पैसे पटकन मिळतात, वस्तू सांभाळायला मिळत नाहीत.

आणि पैशाबरोबर माणसंही द्या ना. सरकारी ग्रँटच्या अर्जात व्हॉलंटिअरचे तास ग्रुपचा वाटा म्हणून बऱ्याचदा धरतात, म्हणजे तुमची दहा माणसं दोन शनिवार तण उपटायला गेली, सही करून तास नोंदवले, की ते त्यांच्या पुढच्या अर्जात कामाला येतात. मिसळ बरोबर न्या.

प्रश्न : मी पुण्यात असते, लेक सिडनीला. २०२० मध्ये कांगारूच्या अनाथ पिल्लांसाठी कापडी पिशव्या शिवतात असं वाचून मी जुन्या सुती साड्यांच्या चाळीस शिवल्या, लॉकडाऊनमुळे राहून गेल्या. आता लेकीबरोबर पाठवू का? की पैसे पाठवू?

उत्तर : काकू, तेव्हा जगभरातून इतक्या पिशव्या गेल्या की घेणाऱ्यांना ‘आता पुरे’ म्हणायची वेळ आली, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. पैसे भारतातून पाठवता येतात पण परदेशी संस्थेला दिले तर ८०जी (देणगीवरची आयकरातली सूट) मिळत नाही, त्यापेक्षा लेकीलाच तिकडे भरायला सांगा. तुम्हाला हाताने काही करायचं असेल तर आपल्याकडे उन्हाळ्याआधी टेकड्यांवर जाळरेषा (वणवा पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला माणसं कमीच पडतात.

पिशव्या मात्र टाकू नका. गाड्यांच्या धडकेत आया मरतात आणि पिल्लं पिशवीत जिवंत सापडतात, वणवा असो नसो. लेकीला म्हणावं, जवळपासच्या लायसन्स असलेल्या केअररला (जखमी-अनाथ प्राणी घरी सांभाळणाऱ्याला) फोन करून साइज विचार. आणि तोवर सगळ्या उलट्या करून बघा, शिवण आणि धागे आतल्या बाजूला असतील तर पिल्लाची नखं त्यात अडकतात. शिवण बाहेर हवी.