नियम पाठ असूनही राशींना सरळ रूप देताना मुलं चुकतात. कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की यंदा नववीला बीजगणित शिकवताय, सजातीय पदांचा नियम (एकाच जातीची पदं तेवढी एकत्र करायची) मुलं घडाघडा म्हणतात, आणि वहीत मात्र ३क्ष + २ = ५क्ष लिहून मोकळी होतात. मी बरीच वर्षं आठवी-नववीला गणित शिकवते. माझं म्हणणं असं की आणखी नियम देऊ नका, आधी बरोबरच्या चिन्हाचा अर्थ पक्का करा.

प्राथमिक शाळेपासून मुलांना ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असंच वाटत आलेलं असतं. त्यामुळे ३क्ष + २ त्यांना अर्धवट सोडल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप ५क्ष लिहितो. त्यांना सांगा, क्षच्या जागी कुठलीही संख्या घातली तरी दोन्हीकडची किंमत तीच आली पाहिजे, तरच ते सरळ रूप. मग क्ष = १० घ्यायला लावा. ३क्ष + २ ची किंमत ३२, ५क्षची ५०. चूक मुलाला स्वतःलाच दिसते, तुम्ही फुली मारायची गरज उरत नाही.

संख्या मात्र विचार करून निवडायची. सोपी म्हणून मुलं १ घेतात, आणि नेमकी तिथे दोन्ही राशींची किंमत ५ येते. २ घेतले तर २क्ष आणि क्ष² सारखेच. शून्य घेतलं तर आणखी बऱ्याच चुका लपतात. असा योगायोग वर्गात घडला की तो पुसून टाकू नका. ‘हे दोन्ही आणखी कुठल्या संख्येला सारखे येतील?’ असं विचारा. एकालाच येतात, म्हणजे ३क्ष + २ = ५क्ष हे समीकरण झालं, सरळ रूप नव्हे. हा फरक मुलांना स्वतः सापडला तर पुढे फार उपयोगी पडतो.

तीन आंबे आणि दोन केळी हे उदाहरण मी देत नाही. क्ष ही संख्या आहे, वस्तू नव्हे. पुढे अ × ब आलं की आंबा गुणिले केळं म्हणजे काय, याला कुणाकडेच उत्तर नसतं. त्यापेक्षा ७ × १३ + ३ × १३ तोंडी विचारा. कुणीतरी ९१ आणि ३९ ची बेरीज करत बसेल, कुणीतरी पटकन ‘दहा तेरा, एकशेतीस’ म्हणेल. त्या दुसऱ्याला फळ्यापाशी बोलवा. ७क्ष + ३क्ष = १०क्ष का, हे तोच समजावून सांगेल. आपल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितातही, म्हणजे ११५० च्या सुमाराला, हाच दंडक आहे: एका जातीच्या पदांची बेरीज करायची, वेगळ्या जातीची वेगळी मांडून ठेवायची.

कंसाआधीच्या उणे चिन्हालाही संख्याच कामी येतात. ५क्ष − (२क्ष − ३) चं उत्तर बरेच जण ३क्ष − ३ लिहितात. १० घातले तर मूळ राशी ५० − १७ = ३३ आणि त्यांचं उत्तर २७. मग विचारा, पन्नासातून १७ वजा करायचे आहेत, आधी २० वजा केले तर किती जास्त गेले? तीन. ते परत मिळवले की ३क्ष + ३. चिन्हं बदलायचा नियम यानंतर सांगितला की तो टिकतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो अपूर्णांकांना. (क्ष² − ९)/(क्ष + ३) हे पुस्तकी गणित घ्या. मूल क्ष² ला क्ष ने काटतं, −९ ला ३ ने काटतं आणि लिहितं क्ष − ३. उत्तर बरोबर, रीत साफ चुकीची! १० घालून तपासलं तरी ९१/१३ = ७, म्हणजे पडताळाही जुळतो. अशा वहीवर बरोबरची खूण करून पुढे गेलात तर ती चूक दहावीपर्यंत मुलाबरोबर जाईल. म्हणून लगेच (क्ष² + ९)/(क्ष + ३) द्या. तीच काटाकाट केली तर क्ष + ३ येतं, म्हणजे १० ला १३. प्रत्यक्षात येतात १०९/१३, आणि १३ ने १०९ ला भाग जातच नाही. आता मुलं ऐकायला तयार असतात: काटता येतो तो अंश आणि छेद या दोन्हींचा सामाईक अवयव, सुटं पद नव्हे. आधी (क्ष + ३)(क्ष − ३) असे अवयव पाडायचे, मगच काटायचं.

गृहपाठाला वीस गणितांऐवजी सहा द्या, पण प्रत्येकाशेजारी एका संख्येचा पडताळा मागा. आठवड्यातून एकदा तयार सोडवलेली, मुद्दाम चुकवलेली गणितं द्या आणि चूक कुठल्या पायरीवर झाली ते शोधायला लावा. जोडीत बसवलंत तर जास्त बोलतात. पडताळ्यासाठी एखादा −३ घेईल आणि वरच्या गणितात छेद शून्य होऊन अडेल. तेव्हाच उत्तरापुढे ‘क्ष ≠ −३’ लिहायला शिकवा.