पहिलं फळझाड लावताना पाण्याचा निचरा बघा

पहिल्याच वर्षी आंबा, चिकू, फणस सगळं एकदम लावू नका. पपईपासून सुरुवात करा. साधारण ९ ते १२ महिन्यांत फळं येतात आणि तेवढ्यात तुमचा हातही बसतो. फक्त एका जागी ३ रोपं लावा, कारण नर की मादी हे फुलं आल्यावरच कळतं. मग विरळणी करा, म्हणजे जादाची झाडं काढून टाका.

पपई बहुतेक वेळा तहानेने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरते. मुळांशी एक-दोन दिवस पाणी तुंबलं तरी झाड मान टाकतं. माझी पहिली रोपं अशीच गेली. पानं पिवळी दिसली की मी आणखी पाणी घालत होते! म्हणून वाफा उंच करा आणि दोन पेरं बोट मातीत खुपसून ओल बघितल्याशिवाय झारी उचलू नका.

आंब्याचं मात्र कलमच घ्या. कोयीचं झाड फळायला बरीच जास्त वर्षं घेतं, शिवाय फळ मूळ झाडासारखं निघेलच असं नाही. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, जोडाखालचे धुमारे लगेच खुडा. पहिली दोन-तीन वर्षं मोहोरही काढून टाका. जिवावर येतं, पण तेव्हा झाडाला मुळं आणि फांद्या वाढवायच्या असतात.